तुमच्या हातची गाठ मी कापली

हवालदारसाहेब,
सप्रेम जयभीम!

दुसऱ्या कुणी तुमच्या कानावर घालायच्या आत मीच सांगून टाकते. काल तुमच्या पहिल्या स्मृतिदिनाला, सगळ्या पाहुण्यांदेखत, मी तुमच्या होडीतली इलॅस्टिकची दोरी कापली. तुमच्या हातच्या गाठीसकट! रागवायचं असेल तर खुशाल रागवा.

भाऊजींनी होडी धरणावरून ट्रॅक्टरने आणून अंगणात ठेवली होती. आठवतं ना, फौजेने ही शर्यतीची, एकट्या माणसाची शिडाची होडी मोडीत काढली आणि तुम्ही ती ट्रकात घालून थेट माजलगावला आणलीत, तेव्हा गाव किती हसलं होतं? काल त्याच गावाने तिला झेंडूचे हार घातले. वर पत्र्याचं छप्पर, पुढे तुमचा फोटो, होडी कायमची अंगणात, असं सगळं ठरवूनही टाकलं. मला विचारलं कुणी?

त्रिशरण-पंचशील झालं, जेवणाची पानं मांडायला घेतली, तेव्हा मी होडीत वाकून बघितलं. पायपट्टा तळाशी निपचित पडलेला. वर्षभराच्या उन्हाने इलॅस्टिक पार गेलं होतं. वरचं विणकाम धड, आत रबराचे तुकडे.

तुम्हीच शिकवलं होतंत मला. वारा वाढला, होडी कलायला लागली, की कडेवर बसून पाण्याच्या बाजूला मागे झुकायचं, आणि पडू नये म्हणून पाय त्या पट्ट्याखाली अडकवायचे. "भार दोरी घेती," तुम्ही म्हणायचात, "इलॅस्टिक नुसतं पट्टा उचलून धरतं. मंजी बाजू बदलताना खाली बघावं लागत न्हाई, पाय आपसूक आत जातो."

तुमचा जात होता! माझा कुठे जायचा? तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, होडीत बसणं बंद झालं, तेव्हा कुठे तुम्हाला बायको आठवली. तोवर तीस वर्षं मी काठावर, टॉवेल आणि डबा घेऊन उभी. आणि बसवलंत तेही कशात? सहा फुटी माणसाच्या मापाला बांधलेल्या होडीत! पट्टा लांब, पाय निसटला, मी धपकन पाण्यात. धुणं धुणाऱ्या बाया पोट धरून हसल्या. आणि तुम्ही काठावरून ओरडलात, "होडी बरुबर हाय, तुझे पाय आखूड हायत!"

चार बोटं दोरी आवळा म्हणून किती वेळा विनवलं असेल? "मापं माझी हायत, हात लावायचा न्हाई." आणि मी ऐकलं! घरात तुमचं एक ऐकलं नाही, तिथे मात्र का ऐकलं, हे मला अजून कळलेलं नाही.

तर काल मी आतून कात्री आणली आणि तुमच्या ट्रंकेतलं नव्या इलॅस्टिकचं बंडल आणलं. भाऊजी धावत आले.

"वहिनी, कावून कापायलाव? दादाच्या हातच्या गाठी हायत त्या!"

"आतलं रबर मेलंय भाऊजी. गाठ ठेवून काय तिची पूजा करू? तुमच्या दादाला चाललं असतं का?"

ते परत पंगतीकडे वळले.

पट्ट्याच्या टोकाच्या शिवणीतून इलॅस्टिक ओवलं, सेफ्टी पिन लावून, परकराची नाडी ओवतात तसं. हे काम पहिल्यापासून माझंच होतं. तुमच्या जाड बोटांना ते कधी जमलं नाही, पण लोकांपुढे "होडी मी बांधली" म्हणायला जमायचं! मग भाराची दोरी चार बोटं आवळली आणि इलॅस्टिकही त्याच मापाला बांधलं. माझ्या मापाला. टोक उसवू नये म्हणून ते जाळावं लागतं, काडेपेटी सापडेना, तेव्हा तुमच्या फोटोपुढच्या मेणबत्तीवरच धरलं. भंतेजी बघत होते.

तुमची कापलेली गाठ मुठीत घेऊन मी न्हाणीत गेले आणि पोटभर रडले, हे तेवढं कुणाला माहीत नाही. तुमची फार आठवण येते हो. मग तोंड धुतलं, बाहेर आले आणि भाऊजींना म्हटलं, "सकाळी ट्रॅक्टर काढा. होडी धरणावर जाणार."

आज सकाळी एकटी गेले. वारा बरा होता. मधोमध गेल्यावर होडी वळवली, शिडाखालून वाकून दुसऱ्या कडेला बसले आणि खाली न बघता पाय सरकवला. पट्टा उभाच होता! पाय सरळ आत गेला. मागे झुकले तेव्हा वेणी पाण्याला लागली. काठावरून भाऊजी ओरडत होते, "वहिनी, माघारी या!" आले नाही. आणखी दोन फेऱ्या मारल्या.

पुढच्या महिन्यात धरणावर शर्यत आहे, नाव देऊन आले. शेवटची येईन, पण पुरी करीन. होडी छपराखाली जाणार नाही, हा माझा शब्द. आपल्या उन्हात रबर दर वर्षी मरणार, दर वर्षी मी ते कापणार आणि नवं बांधणार. माझ्या मापाला.

बघायला यायचं तर या. टॉवेल आणि डबा घेऊन काठावर उभे राहा. आणि ओरडायचं नाही!

तुमचीच,
आखूड पायांची सुमन