वीतभर राहिलेलं लुगडं

नागपूर, ४ ऑगस्ट २०२४

ती. वैभवदादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू हसून विषय बदलतोस, म्हणून पत्र लिहितेय.

धंतोलीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. बाबांचा काचबिंदू वाढलाय. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती टिकेल याचा भरवसा नाही. आणि बाबा काय करताहेत? आईसाठी विणायला घेतलेलं शेवटचं लुगडं वीतभर उरलं असताना हात आखडून बसलेत. आपल्या घरी तयार लुगडं थोरल्या मुलानंच मागावरून कापायचं ना! वैभवले येऊ दे वं, मंग विणतो, म्हणतात आणि दिसत असलेला दिवस थांबलेल्या मागासमोर घालवतात. मला तुम्हा दोघांचाही संताप येतो. घरातली पहिली पदवीधर म्हणून मला मिरवता, ऐकत मात्र कोणीच नाही.

लगेच नीघ. रागावलेली, तरी तुझीच,
मयुरा

पुणे, १२ ऑगस्ट २०२४

चि. मयुरास,
अ. उ. आ.

मास्तरीणबाई, पत्र वाचून कान लाल झाले. पण नोकरी नवी आहे, सुटी कोणत्या तोंडानं मागू? दिवाळीत आठवडाभर येतो. तोवर बाबांना थांबायला सांग. लुगडं कापतानाचा छान व्हिडिओ काढू, आयुष्यभर पाहता येईल. आईला नमस्कार.

राग कर, पण माया पातळ होऊ देऊ नकोस.
वैभव

नागपूर, १९ ऑगस्ट २०२४

ती. दादास,
सा. न.

आयुष्यभर पाहता येईल? कोणाला? बाबांना?

तुझं पत्र मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते स्वतःवरच चिडले, काहून थांबून राहिलो मी, म्हणाले आणि मागावर बसले. काठ जरासा सरकला, तो त्यांना दिसला नाही. मीही बोलले नाही. विणून झाल्यावर कात्री माझ्या हातात दिली. दादाचा मान आहे, म्हणून मी मागे सरले, तर ओरडलेच : काप वं, आत्ता दिसून राहिलं मले!

आई लुगडं पेटीत ठेवायला निघाली. तुझ्या लग्नात नेसणार होती म्हणे! मी तिच्यावरही ओरडले. नेसून आली आणि भाकरी करपते म्हणत लाजून आत पळाली. बाबांनी तिला परत बोलावलं, उजेडात उभं केलं आणि पाहत राहिले.

व्हिडिओ काढलेला नाही. रंग कोणता, तेही सांगणार नाही.

लोभ आहेच, तो घ्यायला घरी यावं लागेल.
मयुरा