दुमडलेले कोपरे

प्रिय भित्री भागूबाई,

रागावू नकोस. चष्म्याच्या दुकानात तू कितीही रुबाबात लोकांचे डोळे तपासत असलीस, तरी माझ्या लेखी तू तीच, रहस्यकथा वाचताना माझ्या पाठीला पाठ चिकटवून बसणारी. तू पाठवलेली कादंबरी सोमवारी पोचली. दोन वर्षं धड फोन नाही, पत्र नाही, आणि एकदम हे जाडजूड पुस्तक, तेही आत चिठ्ठी न घालता. म्हटलं, चला, बाईसाहेबांना ताईची आठवण तरी झाली. पार्सलवर घरचा नाही, दुकानाचा पत्ता होता. तेव्हा मी त्याचा फारसा विचार केला नाही.

आठवतं ना, बाबा वाचनालयाची फाटकी पुस्तकं बांधणीसाठी घरी आणायचे आणि आपण ती चोरून वाचायचो? आधी मी वाचायचे. जिथे तुझी बोबडी वळणार, त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवायचे. त्या पानाशी आलीस की तू पुस्तक घेऊन मला शोधत यायचीस. मी आंघोळीला गेले असले तर दाराबाहेर ताटकळत बसायचीस. मग मी शेजारी बसायचे आणि तू वाचायचीस. बाबा बडबडत एकेक कोपरा इस्त्रीने सरळ करायचे. एकदा त्यांनी सगळा ठपका एका निवृत्त मुख्याध्यापकांवर ठेवला. ते बिचारे पुढे वर्षभर पुस्तक परत करताना चारही कोपरे दाखवून जायचे. आपण किती दुष्ट होतो गं!

आता बांधणीचं काम मी करते, इस्त्रीही तीच आहे. त्यामुळे पुस्तक उघडण्याआधीच मला कोपरे दिसले. सात होते. जुनी गंमत म्हणून मी खुशीत वाचायला बसले. कादंबरी भयंकरच आहे. नवरा बायकोला हळूहळू वेडी ठरवतो, शेवटी तळघरात प्रेत सापडतं. प्रेताच्या पानावर मी कोपरा शोधला, तर तिथे तो नव्हताच.

तू दुमडली होतीस ती साधी पानं. घराच्या किल्ल्या तो स्वतःच्या खिशात ठेवतो ते पान. तिला यायला दहा मिनिटं उशीर होतो आणि तो काही न बोलता घड्याळाकडे बघत राहतो ते. पाहुण्यांसमोर तो तिच्या खांद्यावर हात ठेवतो आणि ती हसते ते. आणि बहिणीचा फोन वाजत असतो, तो समोर बसलेला असतो, म्हणून ती उचलत नाही ते. त्या पानाचा कोपरा तू दोनदा दुमडला आहेस. आणि मी मूर्ख, दोन वर्षं तुझ्यावर फुगून बसले होते. चुकलं माझं.

हे पत्र दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे. वाचून तिथेच फाडून टाक, उत्तर लिहू नकोस. गुरुवारी अकरा वाजता मी डोळे तपासायला येईन. सामान काही घेऊ नकोस, अंगावरच्या कपड्यांनिशी चल. मधली खोली मी रिकामी केली आहे. त्या दिवशी धीर झाला नाही तर नुसता नंबर काढून दे, मी पुढच्या गुरुवारी परत येईन, त्याच्या पुढच्याही. कोपरे मी सरळ केलेले नाहीत. त्या पानांशी आलीस की मला बोलवायचं, असं आपलं ठरलं होतं. तू बोलावलंस. मी येते आहे.

तुझ्या शेजारी बसणारी,
तुझीच
ताई