सहा पावलं अलीकडे

दि. ३ फेब्रुवारी

चि. टिटवीस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं चार पानी पत्र पोचलं. घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करणाऱ्या तुम्हा मंडळींसाठी प्रयोगशाळेने दुचाकी चालवण्याचा वर्ग घेतला, हे उत्तम. ब्रेक लावला की भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो, दोन्ही एकदम पण हळूहळू आवळत न्यावेत, असं तुमचे शिक्षक सांगतात. तू त्यांच्या गाडीवर करूनही पाहिलंस. मामाला शिकवण्याची हौस तुला दुधाचे दात पडल्यापासून आहे, तेव्हा राग नाही. पण बारा वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या मैदानावर, वळणात, पुढचा ब्रेक लिंबासारखा पिळून हनुवटीला चार टाके कुणी घालून घेतले, हेही त्या गृहस्थांच्या कानावर घालायचं होतंस. तुझी आई तेव्हा महिनाभर माझ्याशी बोलली नव्हती. शांततेचा काळ होता, पण पुन्हा नको.

तस्मात्, शिक्षकाच्या गाडीवर हवं ते कर. मी पाठवलेल्या माझ्या त्याच जुन्या गाडीवर नियम माझा: पाय खाली, मागचा ब्रेक. पुढच्या ब्रेकची मूठ शोभेची समज. करून बघायला म्हणूनही दाबू नकोस. आप्तवाक्य प्रमाण मानावं असं शास्त्र सांगतं, आणि माझ्याइतका आप्त तुला दुसरा कोण आहे?

मामी विचारते, नमुन्यांची पेटी मागे घट्ट बांधतेस ना?

लोभ आहेच, तो टिकवण्याचं काम तुझ्याकडे.

तुझा मामा

*

दि. ११ फेब्रुवारी

ती. मामांना सा. न. वि. वि.

मी बरी आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचाल. गुडघा सोलवटलाय, बाकी मला काही नाही.

परवा सकाळी बाजाराच्या रस्त्याने निघाले होते, वेग चाळीसच्या आसपास, पेटीत चौदा नळ्या. कोपऱ्यावरच्या दुकानातले शिंपीकाका दोन उभ्या गाड्यांमधून कपड्यांचं गाठोडं घेऊन बाहेर आले. गाठोड्याआडून त्यांना मी दिसले नाही. मी पाय दाबला. मागचं चाक जागच्या जागी अडकलं आणि गाडी शेपूट हलवत तशीच घसरत निघाली. तेव्हा मी तुमचं ऐकलं नाही, मामा. पुढचा ब्रेक दाबला. वर्गात शिकवला तसा, आधी हळू, मग घट्ट. मूठ पार हँडलला टेकली आणि काहीच झालं नाही. गाडीने दखलच घेतली नाही.

शिंपीकाका पडले, मी त्यांच्या पलीकडे पडले, नळ्या फुटल्या आणि रस्ताभर रक्त. लोक ओरडायला लागले. हे त्यांचं रक्त नाही, असं मी सांगत होते आणि कुणी ऐकत नव्हतं. काका पडल्या पडल्या मला विचारतात, गिऱ्हाइकाच्या कपड्यांना डाग नाही ना लागला, पोरी? त्यांचा उजवा हात मनगटापाशी दोन ठिकाणी मोडलाय. शिंप्याचा उजवा हात.

प्रयोगशाळेत माझी चौकशी लागली आहे. मी वेळेवर ब्रेक लावला नाही, असं म्हणतात. काल जाऊन रस्त्यावरचा चाकाचा काळा पट्टा पावलांनी मोजला. सुरुवातीपासून काकांपर्यंत अठरा पावलं भरली. एवढा वेळ मी ब्रेकच दाबत होते.

आज मेकॅनिकने पुढचं चाक उघडलं. ब्रेकची केबल चाकापाशी रबराच्या टोपीखाली कापलेली आहे. टोकं उसवू नयेत म्हणून दोऱ्याने बांधलीत. आणि मूठ सैल लागू नये म्हणून आत एक बारीक स्प्रिंग बसवली आहे. मेकॅनिकने कापलेलं टोक बोटांत फिरवून पाहिलं. मग म्हणाला, ताई, हे तुटलेलं नाही, हे कुणीतरी निवांत बसून केलंय.

मामा, मी कुणाचं काय वाईट केलंय? गाडी टेंपोतून येताना वाटेत कुणी केलं असेल का? पोलिसांत जाऊ का, उलट टपाली कळवा.

तुमची घाबरलेली,
टिटवी

*

दि. १४ फेब्रुवारी

चि. टिटवीस,

आज आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

टेंपोवाल्याने काही केलेलं नाही. ती केबल मी कापली.

तुला टाके घालून आणलं त्याच संध्याकाळी. मागच्या दारी पाट टाकून बसलो, पक्कडीने कापली, दोरा गुंडाळला. पुन्हा पडू नयेस एवढंच मनात होतं. पुढचा ब्रेक मी स्वतः जन्मात वापरला नाही, त्यामुळे मला गाडी कधी अपुरी वाटली नाही. देखभाल घरीच करत असे, म्हणून दुसऱ्या कुणाच्या नजरेस आलं नाही.

विसरलो होतो असं लिहून सुटता आलं असतं. तशी दोन वाक्यं लिहिलीही, मग कागद फाडला. विसरलो नव्हतो. गाडी टेंपोत चढवताना ती मूठ हाताला लागली आणि मनात म्हटलं, जाऊ दे, ही लावतेच कुठे. वर्गाबद्दलचं तुझं पत्र आलं तेव्हा तर लख्ख आठवलं. एक ओळ पुरली असती: गाडी उभी कर, तिला पुढचा ब्रेक नाही. त्याऐवजी मी विनोद केले. बारा वर्षांची लबाडी भाचीपुढे कबूल करण्यापेक्षा ते सोपं होतं. ते पत्र तुला मिळालं आणि चार दिवसांत शिंपीबुवा रस्त्यावर पडले.

मामीला सांगितलं. ती फक्त म्हणाली, माझ्या स्कूटरला आहे का? आहे म्हटलं. तरी ती उठून खाली गेली आणि स्वतः दाबून पाहून आली.

हे पत्र प्रयोगशाळेत दाखव. शिंपीबुवांनाही दाखव. दोष तुझ्या नावावर राहता कामा नये.

मामा

*

दि. १८ फेब्रुवारी

मामा,

पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा मेकॅनिकने वाचलं, कारण हे करणारा सापडला की आधी मला दाखवा, असं तो म्हणाला होता. वाचून झाल्यावर त्याने मला पाणी दिलं.

केबल मायेने कापलीत, हे मी कसंबसं समजू शकते. स्प्रिंग कशाने बसवलीत?

प्रयोगशाळेने तुमचं पत्र ठेवून घेतलं आणि चौकशी थांबवली. त्याआधी शिंपीकाकांना मी ते वाचून दाखवलं. ऐकताना ते हाताच्या प्लास्टरकडे बघत होते. मग म्हणाले, तुझ्या मास्तर मामांचं अक्षर दाखव जरा. बघून परत दिलं. प्लास्टर सहा आठवडे आहे. पुढे सुई चिमटीत धरता येईल का, हे डॉक्टरांनाही आत्ता सांगता येत नाही.

नवी केबल बसवली. रोज संध्याकाळी मोकळ्या रस्त्यावर जाते. ब्रेक लावायची वेळ आली की पाय आपोआप जातो आणि उजव्या हाताची बोटं ताठ राहतात. त्या दिवशी मूठ रिकामी गेली तेव्हापासून दाबतच नाहीत. बारा वर्षं तुम्ही त्यांना हेच शिकवलंत.

टिटवी

*

दि. २४ फेब्रुवारी

चि. टिटवीस,

आयुष्यभर शब्दप्रमाण मानलं, आणि तो शब्दही बहुतेक स्वतःचाच. परवा प्रत्यक्ष पाहायचं ठरवलं.

आमच्या ड्रिलमास्तरांची गाडी मागून घेतली. शाळेमागच्या रस्त्यावर खडूने रेघ मारली. चाळीसच्या वेगाने यायचं आणि रेघेवर ब्रेक लावायचा. तुझी पावलं माझ्यापेक्षा आखूड, म्हणून मोजायला मामीला उभं केलं, ती तुझ्याएवढीच आहे. आधी नुसता मागचा ब्रेक, तीन वेळा. मग दोन्ही. ड्रिलमास्तर म्हणाले, गुरुजी, हँडल सरळ ठेवा आणि ओरबाडू नका, मूल झोपेत बोट धरतं तसं धरा, मग आवळा. मी, पन्नाशी उलटलेला माणूस, डोळे मिटायच्या बेतात होतो. गाडीचं नाक खाली वाकलं, आणि गाडी थांबली. मी आपला पडायची वाट पाहत बसून राहिलो.

मामी दहा दिवसांत माझ्याशी जे बोलली, ते एवढंच: तेवीस. बारा.

मी हिशेब पुनःपुन्हा मांडला, तो बदलत नाही. मागच्या एका ब्रेकवर गाडी तेवीस पावलांवर थांबते. शिंपीबुवा अठराव्या पावलावर होते. दोन्ही ब्रेक असते तर तू त्यांच्या सहा पावलं अलीकडे थांबली असतीस. त्यांनी दचकून तुला दोन शब्द सुनावले असते आणि गाठोडं घेऊन दुकानात गेले असते. तुझं रक्षण म्हणून मी ती सहा पावलं कापली.

रविवारी तिकडे येतो आहे. त्यांच्यापुढे उभं राहून हे मला तोंडाने सांगायचं आहे. त्यांची कामं अडली असतील. मला शिवता येत नाही, पण उसवता येतं, मुलांच्या निबंधांचं तीस वर्षं तेच केलं. बटण लावणं मामी शिकवते आहे, न बोलता. त्यांनी हाकललं तर पायरीवर बसेन.

तुझ्या लोभावर सध्या माझा हक्क नाही, तरी वाट पाहतो.

मामा

*

दि. २७ फेब्रुवारी

ती. मामांना सा. न. वि. वि.

या. शिंपीकाकांना विचारलं. म्हणाले, येऊ दे मास्तरांना, बटणांचा ढीग पडलाय, पण कात्रीला हात लावायचा नाही.

माझा राग गेलेला नाही. तो जायला प्लास्टरपेक्षा जास्त दिवस लागतील, आणि काकांच्या चिमटीत सुई धरली जाते की नाही, त्यावरही अवलंबून आहे. तुमचा हिशेब त्यांना सांगितलेला नाही. तो तुम्हीच सांगा.

बोटं आता थोडी ऐकतात. काल दहातून सात वेळा ऐकली.

बसथांब्यावर न्यायला मी येईन, त्याच गाडीवर. तुम्ही मागे बसायचं, आणि दुकान येईपर्यंत मला काहीही शिकवायचं नाही.

मामीला नमस्कार. तुम्हालाही.

आपली,
टिटवी