पेटीच्या झाकणावरची ओळ

ता. ४ फेब्रुवारी

चि. पाना हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन महिना उलटला आणि मी आत्ता लेखणी उचलतोय, म्हणून आधी कान पकडतो. कारण आहे, आणि ते लिहायला हात धजत नव्हता. बाबांची जीप विकायची ठरवली आहे.

डोळ्यांनी दगा दिला. समोरच्या माणसाचे कान दिसतात, खांदे दिसतात, चेहऱ्याच्या जागी मात्र डाग; हेही मान तिरकी करून, कडेच्या नजरेने लिहितोय. डॉक्टर म्हणाले, कडेकडेचं दिसत राहील, मधलं परत येणार नाही, आणि गाडी चालवायची नाही म्हणजे नाही. मी मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी जीप बाहेर काढली. फाटकाचा खांब दिसलाच नाही. डाव्या मडगार्डला वीतभर खरवड! नऊ वर्षं खपून, एकेक नट सोडवून, पत्र्याचा जुना रंग पार धातूपर्यंत घासून मगच नवा रंग चढवलेली गाडी, आणि ओरबाडली कोणी, तर मीच. तिथेच पायरीवर बसलो. तुझ्या वहिनीने नऊ वर्षं त्या जीपला सवत म्हटलं, पण त्या दिवशी तीच फडकं घेऊन मडगार्ड पुसत होती.

गिऱ्हाइकं येताहेत. एकाला ती हॉटेलच्या दाराशी उभी करून बॉनेटमध्ये फुलझाडं लावायची होती. त्याला चहा पाजून वाटेला लावलं. काल एक जनावरांची डॉक्टरीण आली. तिला डोंगरातल्या वस्त्यांवर जावं लागतं. रंगाकडे तिने बघितलंही नाही, बॉनेट उघडून इंजिन चालू करायला लावलं आणि डोळे मिटून ऐकत राहिली. मला ती आवडली.

पण गाडी बाबांची, म्हणजे निम्मी तुझी. तुला विचारल्याशिवाय किल्ली कोणाच्या हातात देणार नाही. तुला त्यातलं काय हवं ते हक्काने माग.

घड्याळवाल्या मेहुण्यांना नमस्कार सांग. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा

---

ता. १२ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हातातलं काम टाकून बसले. आधी डोळ्यांमुळे, मग जीपमुळे. क्रम हाच होता, देवाशपथ, हसू नकोस. इथला डोळ्यांचा डॉक्टर ह्यांच्याकडे घड्याळं आणतो. त्याला दाखवायला तुझे तपासणीचे कागद पाठव. आणि खरवडीचं मनाला लावून घेऊ नकोस. त्या मडगार्डला पहिला पोचा मी चौदाव्या वर्षी पाडला होता, तू फक्त परंपरा चालवलीस.

विकायचं ते विक. त्या डॉक्टरणीलाच दे. माझा हक्क कसला, दादा? आई गेल्यावर बाबा मला त्या जीपमधून गावोगाव पंप दुरुस्तीला न्यायचे, मागण्याआधी मी नेमका पाना हातात ठेवायचे म्हणून माझं नाव पाना पडलं, हे सगळं खरं. पण मी घड्याळवाल्याशी लग्न करते म्हटल्यावर ते काय म्हणाले तेही मला पाठ आहे. स्टुलावर बसून आयुष्य काढणाऱ्या माणसाच्या दाराला ह्या गाडीची चाकं कधी लागणार नाहीत, असं म्हणाले होते. शब्दाचे पक्के. दहा वर्षं जगले त्यानंतर, चाकं लागली नाहीत. पत्र नाही, निरोप नाही. मी पाठवलेली पत्रं फोडली तरी का, ठाऊक नाही.

एकच मागते. चालकाच्या गादीखाली हत्यारांची पेटी आहे, तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बाबांची नोंद असायची. टोकदार सळईने गावाचं नाव कोरायचे आणि तिथे फेरी झाली की नावापुढे पंच, म्हणजे बोथट टोकाचा पोलादी खिळा, धरून हातोडीचा एक ठोका. दर फेरीला एक ठिपका. मी झाकण धरून उभी असायचे आणि ठोक्याला डोळे मिटायचे. त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घास आणि तो कागद मला पाठव, एवढंच. बाबांच्या हातची एक ओळसुद्धा माझ्याकडे नाही रे. ती गावांची नावं तरी त्यांच्या अक्षरात बघेन.

वहिनीला म्हणावं, सवत जातेय तर आता नवऱ्याला सांभाळ. जसा आहे तसा लोभ राहू द्या.

तुझी,
पाना

---

ता. १ मार्च

चि. पाना हिस अनेक आशीर्वाद.

जीप गेली. परवा सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. कागदांवर सह्या झाल्या, म्हणजे मी सही कुठे करायची ते वहिनीने बोट ठेवून दाखवलं. मग मी त्यांना गाडी चालू करायची रीत शिकवली. थंडीत चोक पूर्ण ओढायचा, सेल्फ मारण्याआधी पेडल दोनदा दाबायचं, तिसऱ्यांदा दाबलं तर ती रुसून बसते. बाईंनी सगळं माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं आणि स्वतः एकदा म्हणून दाखवलं, शाळेतल्यासारखं. गादीचं कापड मी मुद्दाम जाड घेतलं होतं, दुहेरी शिवणीचं, त्याचं त्यांना फार कौतुक वाटलं. पुढचे दिवेही मूळचेच आहेत म्हटल्यावर त्यांनी ते हाताने पुसले.

वळणापर्यंत मला गाडी हिरवा ठिपका म्हणून दिसत होती, पुढे आवाजच. तो बराच वेळ ऐकू आला. शेडमध्ये आता तेलाचा एक काळा डाग आहे. वहिनी तो घासायला निघाली होती, मी राहू दे म्हटलं.

झाकणाचं म्हणशील तर ते रंगवलेलं आहे, कागद घासून काही उमटलं नसतं. मडगार्डची खरवड मात्र मी देण्याआधी भरली, रंग हुबेहूब जुळला, वहिनीलाही ओळखता आलं नाही.

तुम्हा दोघांची प्रकृती जपा. आठवण ठेवतेस तशीच ठेव.

तुझा,
दादा

---

ता. ९ मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

किल्ली देताना तुला काय झालं असेल ते समजलं. वाचताना मी रडले आणि ह्यांनी चहा केला.

पण दादा, तुला मी जन्मापासून ओळखते. लहानपणी बरणी फोडलीस की मांजर कुठून आलं, कुठे बसलं, कोणत्या रंगाचं होतं हे सगळं सांगायचास. ह्या पत्रात गादीची शिवण आहे, दिवे आहेत, खरवड आहे, आणि मी जे एकच मागितलं त्याला एक वाक्य.

रंगवलंस ते रंगवलंस. पण कोणताही भाग रंगवण्याआधी तू त्याचं चित्र वहीत काढतोस, मापं लिहितोस, कुठे काय खूण होती तेही लिहितोस. वहिनी सांगायची, एका बिजागरीला तू दोन पानं दिली होतीस. तर झाकणाचंही पान असणारच. ते फाडून पाठव, किंवा वहिनीला उतरवून द्यायला सांग. त्यावर काय होतं, ते मला हवंय.

उत्तराची वाट बघते. राग नाही, काळजी आहे.

तुझी,
पाना

---

ता. २० मार्च

चि. पाना हिस आशीर्वाद. ह्या पत्रानंतर तुला ते नको असले तर परत कर.

वहीत झाकणाचं पान नाही. सबंध गाडीत तेवढंच एक नाही. मी ते काढलं नाही, कारण काढलं असतं तर ते राहिलं असतं.

झाकणावर सगळी गावं होती, तुला आठवतात ती. सगळ्यात खाली एक ओळ वेगळी होती. तुझ्या गावाचं नाव. पुढे कोरलं होतं, ‘पुलापर्यंत’. आणि त्यापुढे ठिपके.

पाना, तुझ्या गावात आपला एकही पंप नव्हता.

बाबा यायचे, पुलाशी गाडी उभी करायचे आणि परत फिरायचे. चाकं दाराला लागणार नाहीत म्हणाले होते, ती लागू दिली नाहीत. आणि नोंद खरी ठेवायची सवय, म्हणून ‘पुलापर्यंत’ हेही कोरलं. घरी मला सांगायचे, लांबचं काम निघालंय. मी डबा भरून द्यायचो.

ठिपके किती होते ते मी मोजले नाहीत. मला मोजायचे नव्हते. मी घर सोडलं नाही, त्यांचं दुखणं काढलं, शेवटची दोन वर्षं त्यांच्या ओठाला कप मी लावला. एवढ्या वर्षांत त्यांनी मला ‘बरं केलंस’ असं एकदाही म्हटलं नाही. आणि जी निघून गेली तिच्यासाठी हा माणूस अर्धा दिवस गाडी हाकत होता आणि पेट्रोल जाळत होता. माझं डोकं फिरलं. ग्राइंडर घेतला आणि अक्षरं धातूपर्यंत घासली. खळग्यांत रंगाऱ्याची लांबी भरली, ती घासली, वर रंगाचे हात दिले. लोक ज्या कामासाठी मला नावाजतात, तेच काम मी तिथेही चोख केलं. नंतर तू दोनदा येऊन राहून गेलीस, बाबांनी आपल्याला टाकलं म्हणून माझ्यासमोर रडलीस, आणि मी गप्प बसलो. हे घासण्यापेक्षा वाईट.

काल वहिनीला घेऊन बसने डॉक्टरीणबाईंकडे गेलो. अंदाजाने, हाताने चाचपत नवं झाकण बनवून नेलं होतं, एका कडेला थोडं वाकडं झालंय. बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी पाना आणला आणि बिजागरी सोडवून जुनं झाकण माझ्या हातात दिलं. ते सोबतच्या पार्सलमध्ये आहे. त्यावर वाचण्यासारखं काही उरलेलं नाही, मी उरू दिलं नाही. तरी ते तुझ्यापाशी असावं.

माफ कर म्हणायला तोंड नाही. माया आटली तरी पत्र टाकत जा.

दादा

---

ता. ३ एप्रिल

ती. दादास,

शि. सा. न. लिहायला पाच दिवस लागले. आज लिहिते. शि. सा. न. वि. वि.

पत्र आलं त्या दिवशी तू समोर असतास तर काय बोलले असते कोण जाणे. बारा वर्षं, दादा. बारा वर्षं मी बाबांचा फोटो भिंतीला लावला नाही. तुला ठाऊक होतं आणि तू बघत राहिलास. माफ केलं असं अजून लिहिता येत नाही. खोटं लिहिणार नाही.

पार्सल दोन दिवस न उघडता ठेवलं. मग ह्यांनीच उघडलं आणि झाकणाची आतली बाजू कामाच्या टेबलावर दिव्याखाली धरली. डोळ्याला भिंग लावून तासभर बघत बसले. शेवटी मान हलवली. म्हणाले, एवढं साफ काम आपण पाहिलं नाही, एक रेघ शिल्लक नाही. मी ते फडताळावर ठेवायला उचललं, आणि माझी बोटं झाकणाच्या पाठीला लागली.

पंचचा ठोका आतून बसला की पत्रा मागून फुगतो. हे तुला मी सांगायला हवं का? पाठीवर हात फिरवला. वरच्या सगळ्या ओळींच्या जागी हातोडीचे चपटे ठसे लागतात, फुगवटे तू एकेक करून ठोकून बसवलेस. खालची एक ओळ तशीच आहे. त्या ओळीला तू हातोडी लावलेली नाहीस. तुझ्या हातून असं काम अर्धं राहत नाही. विसरलास की ठेवलंस, ते मी विचारणार नाही.

पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली. सतरा आहेत.

पहिला केवढा खोल आहे, रागातच मारला असणार. मधले सगळे सारखे, कामाचे. शेवटचा जेमतेम लागतो, आणि त्याच्या शेजारी पंच दोनदा घसरल्याचे तिरके, अर्धवट फुगवटे आहेत. तोवर त्यांचा हात थरथरत असेल ना? झाकण धरायला कोणी नव्हतं.

पूल आमच्या गच्चीवरून दिसतो. मी रोज तिथे कपडे वाळत घालते. हिरवी जीप उभी असलेली मी बघितली असेल का, ह्याचा आठ दिवस विचार करतेय. आठवत नाही. एखाद्या दिवशी नुसती मान वर केली असती तर! चपला न घालता धावले असते.

तुझे कागद ह्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवले. तपासल्याशिवाय काही सांगता येत नाही म्हणाला. तेव्हा वहिनीला घेऊन ये. बावीस वर्षांत तूही कधी आला नाहीस, बाबांचा शब्द तूही पाळलास. आता पुरे. झाकण मी भिंतीला लावलं आहे, पाठ बाहेर करून. तुला दिसणार नाही, पण बोटांना लागेल, आणि मोजायचे राहिलेत ते मोजून होतील. मी शेजारी उभी राहीन. भांडायचं बाकी आहे तेही तेव्हाच भांडेन, पत्रात नीट भांडता येत नाही.

बस पुलाशी थांबते, तिथे उतरू नका. त्याच्या पुढचा थांबा आमच्या दारात आहे.

तुझी,
पाना