पाच फूट दोनचा पोरगा

बुधवार, संध्याकाळ. पांढुर्णा.

आज दुपारी ऑफिसात गुणवंतकाकांनी सर्व्हरवर ठेवलेला आपल्या पोराचा लग्नाचा बायोडाटा चुकून उडवला. धावत माझ्या टेबलाशी आले. "बेटा, सारी मशीनच रविवारवर ने!"

सारी मशीन मागं नेली तर या तीन दिवसांच्या संत्र्याच्या पावत्या जातीन ना! मी रविवारचा बॅकअप नुसता उघडला अन् त्यातून तेवढी एकच फाइल काढून दिली. मले वाटलं, काका खूश होतीन.

काका चिडले. "हा नाही! याच्यात पोरगा पाच फूट दोन आहे. मले पाच फूट सहावाला पायजे."

"काका, बॅकअप रविवारचा आहे. पोरगा कधी वाढला?"

"सोमवारी," काका म्हणाले, अन् फाइल दुरुस्त करत बसले.

मी घरी आली तर आई मोबाईल पाहून हसून राहिली होती. समाजाच्या ग्रुपवर काकांनी तोच बायोडाटा टाकलेला. पाच फूट सात! दुपारपासून अजून एक इंच?

"पोरगा उंच आहे, तुले शोभन," आई म्हणते. उद्या काकांले फोन लावणार आहे.

आता आईले कसं सांगू, का खरा पोरगा बॅकअपमध्ये आहे?