हडळीचं काम

१२ जानेवारी

सोहम म्हणे दिग्दर्शक! का, तर वर्गात फक्त त्याच्याच काकांकडे बरा कॅमेरा आहे. अकोल्याच्या स्पर्धेसाठी भयपट, दहा मिनिटांचा, नाव ‘हडळगृह’. ऐकूनच धडकी भरते – पुढे काय काय सोसावं लागणार याची! कॅमेरा आणि एडिटिंग माझ्या गळ्यात. जुन्या हॉस्टेलमध्ये परवानगी पाचपर्यंतच, म्हणजे भर दुपारी रात्र दाखवायची. सोहम म्हणतो, “निळं करून टाक ना, स्वराली.” मी काय नीळ घालून धुणं धुते आहे?

१५ जानेवारी

हडळ सापडली. आधी माधवीनं केस सोडून किंचाळून दाखवलं – बकरी बरी! मग सोहमला मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या लीलाबाई दिसल्या. “काय चेहरा आहे! मेकअपचीसुद्धा गरज नाही.” पण विचारायची हिंमत? शून्य. मला पाठवलं. हडळ म्हटलं तर त्या येणार नाहीत, म्हणून मुलाची वाट बघणाऱ्या आईचं काम आहे असं सांग, म्हणे.

मी सांगितलं.

लीलाबाईंनी गॅस बारीक केला. “माह्या शुभमले दाखवता येईन का वो? पुण्याले रायते. दोन वर्सं झाले, फोनई उचलत नाई. मले असं पायलं त येईन तो.”

पाठवते म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

१८ जानेवारी

शूटिंग. सोहम उलटी टोपी घालून “ॲक्शन!” ओरडत होता, कॅमेरा बंद असतानाही. लीलाबाई ठेवणीतली हिरवी साडी नेसून आल्या होत्या. त्यानं पांढरी दिली. आई गरीब दाखवायची आहे, असं सांगितलं – तेही मीच.

त्या चौकट धरून दारात उभ्या राहिल्या. नुसत्या रस्त्याकडे बघत. कॅमेऱ्यामागे मला रडू आलं, चक्क! सोहम म्हणाला, “डोळे जरा वटारायला सांग.”

२५ जानेवारी

एडिटिंगमध्ये लीलाबाईंचे डोळे लाल केले. वरून माधवीची किंकाळी लावली. दिग्दर्शक सोहम आहे, मी फक्त सांगितलेलं करते – असं दिवसभर घोकते आहे. त्याला गाढव म्हणायचं आणि त्याचंच ओझं वाहायचं. शाबास!

लीलाबाई रोज विचारतात, “धाडला का वो शुभमले?”

२ फेब्रुवारी

अकोल्याची स्पर्धा. परीक्षक अर्धा वेळ पेंगत होते. जागे झाल्यावर म्हणाले, “हडळ अस्सल!” दुसरं बक्षीस. सोहमनं भाषणात आई, बाबा, काका, काकांचा ड्रायव्हर, सगळ्यांचे आभार मानले. लीलाबाईंचं नाव नाही. मीही खाली बसून टाळ्या वाजवल्या.

अमरावतीला परतताना बसमध्येच त्यानं सिनेमा यूट्यूबवर टाकला.

५ फेब्रुवारी

तीन दिवस मेसला गेले नाही. बाहेर समोसे खाते. भेकड!

९ फेब्रुवारी

शुभम आला. मेसच्या दारातून ओरडत होता, “माह्या मायले हडळ कोनं केलं? समोर या!” सोहम मागच्या दारानं पसार. लीलाबाईंना यातलं काही ऐकूच येत नव्हतं. त्याच्या तोंडावरून हात फिरवत होत्या, हसत होत्या. मग मी दिसले. मनगट धरून त्यांनी मला त्याच्यासमोर ओढलं.

“हेच ते पोट्टी. हिनंच आनलं तुले.”