विहिरीच्या पाण्याचा वास

बाई, तुमच्या विहिरीचं पाणी गेल्या आठवड्यात तपासून आलं. डिझेल बरंच उतरलंय. पिण्याजोगं व्हायला अजून वेळ लागेल, पण वास राहिला नाही. हे आधी तुम्हाला सांगावंसं वाटलं आणि लगेच लाज वाटली, कारण वास येतो हे पहिल्यांदा तुम्हीच मला सांगितलं होतं.

तेव्हा तुम्ही शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. वडीगोद्रीच्या आमच्या पेट्रोल पंपाची भिंत ओलांडली की तुमचं घर. एका सकाळी तुम्ही विहिरीच्या पाण्याचा तांब्या घेऊन पंपावर आलात, माझ्यापुढे धरलात आणि म्हणालात, "वास घेऊन बघ जरा." मी घेतला. डिझेलच होतं. जमिनीखालच्या टाकीचा पाइप सांध्यातून पाझरतोय हे मला दोन महिन्यांपासून माहीत होतं. पण तो बदलायचा तर फरशी फोडून पंप बंद ठेवावा लागणार, आणि उसाच्या गाड्यांचा हंगाम ऐन भरात. चार ड्रायव्हर ऐकत उभे होते. मी हसून म्हणालो, "बाई, आता वय झालं तुमचं. पंपाशेजारी राहून राह्यल्या, मंग डिझेलचाच वास येनार. पाण्यात काई न्हाई." ड्रायव्हरही हसले. उत्तर माहीत असून गप्प बसणाऱ्याला तुम्ही वर्गात तासभर उभं ठेवायच्या. त्या दिवशी मात्र "बरं, मंग माझंच चुकत असंल," एवढंच म्हणालात आणि तांब्या हिंदकळू न देता परत गेलात.

हंगाम संपल्यावर मी पाइप गुपचूप बदलला. मुरलेलं डिझेल मात्र तिथंच राहिलं. तुम्ही विहिरीवर पत्रा टाकलात आणि त्या वयात हापशावरून कळशी आणायला लागलात. रस्ता पंपासमोरूनच. मी मान वर करत नसे. तुम्ही गेलात तेव्हा खांदा द्यायला मी पुढं होतो.

यंदा जुन्या टाक्या काढताना काळी माती वर आली. तपासणीला आलेल्या मॅडम म्हणाल्या, "डिझेल खाणारे जिवाणू या मातीत आधीपासून आहेत. त्यांना हवा, ओल आणि खत पुरेसं मिळत नाही." त्यांनी तेच जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून आणले. माती ताडपत्रीवर पसरून त्यात शेणखत मिसळलं; विहिरीत नळ्या सोडून हवा खेळवली. माती खालीवर करायला मी स्वतः फावडं घेतो. लोक कौतुक करतात, ते ऐकवत नाही.

परवा तुमच्या सुनेनं चहा दिला. म्हणाली, "दादा, आमच्या विहिरीसाठी किती करून राह्यले तुम्ही. सासूबाई म्हनायच्या पाण्याला वास येतो, आम्हाला वाटायचं त्यांना भास होतो." सांगायची वेळ तीच होती. मी म्हणालो, "मला बी खोदल्यावरच कळलं."

पाकिटावर तुमचा पत्ता लिहून झालाय. घर तेच आहे. पेटीत टाकलं तर ते तुमच्या सुनेच्या हातात पडेल. मी टाकणार नाही, बाई.